सभात्यागाची चिठ्ठी

काम एका चिठ्ठीचं होतं. तळहाताएवढी चिठ्ठी, तिच्यावर एक शब्द, शब्दापुढे दोन-तीन ओळी. असं काम अंगावर घेताना माणूस फार विचार करत नाही. मीही केला नाही. कोशाच्या कचेरीतून संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी खिडकीशी बसून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर हलताना पाहत होते. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते आणि त्या तीन महिन्यांत मी बहुतेक हेच केलं होतं. चादर चांगली हलत होती. त्या नादात मी “हो, आणून देते” म्हणून गेले.

बाबांनी चौतीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत काढली. निवृत्तीनंतर कचेरी त्यांच्याकडे घरी चिठ्ठ्या पाठवायची आणि ते शब्दांचे अर्थ लिहून परत पाठवायचे. ‘स’पर्यंत आले होते. कुणी काहीही विचारलं तरी लगेच उत्तर द्यायचं नाही, ही त्यांची कामाची शिस्त. “पाहून कळवतो,” म्हणायचे. शब्दाचा अर्थ विचारा, पाहून कळवतो. जेवायला वाढू का विचारा, तरी आधी पाहून कळवतो. लग्नाला होकार द्यायलाही त्यांनी आईला पाहिल्यावर सतरा दिवस घेतले होते. आई म्हणते, पाहिलं एकदा, कळवायला एवढे दिवस कशाला?

तर त्यांच्या टेबलावर एकच चिठ्ठी राहिली होती. शब्द: सभात्याग. व्युत्पत्ती: संस्कृत सभा अधिक त्याग. अर्थ: निषेध म्हणून सभेतून उठून जाणे. पुढे उदाहरणाची जागा कोरी, आणि खाली बारीक पेन्सिलीत: ‘परत येणे अर्थात धरावे का? नोंदवही, पान ३१.’

संपादकबाईंचं म्हणणं असं, की दोन आठवड्यांनी, शनिवारी, ‘स’ची पानं छपाईला जाणार. तोवर चिठ्ठी पुरी होऊन आली तर बाबांची म्हणून जाईल, नाहीतर कचेरीतलं कुणीतरी लिहील. कचेरीतलं कुणीतरी म्हणजे कोण, हे मला माहीत होतं. बाबांच्या मते त्या गृहस्थांनी ‘संध्याकाळ’चा अर्थ ‘दिवस मावळण्याची वेळ’ एवढाच लिहून टेबल रिकामं केलं होतं. बाबांचा शेवटचा शब्द त्या माणसाच्या हाती जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. बाकी मला कशाचीच घाई नव्हती.

आमच्या घरात नोंदवह्या अठ्ठावीस निघाल्या. प्रत्येकीचं एकतिसावं पान काढून पाहण्यात एक अख्खी दुपार गेली, आणि ती दुपार वाया गेली असं मला अजूनही म्हणवत नाही. एका वहीच्या एकतिसाव्या पानावर ढगांच्या आकारांना लोक काय काय म्हणतात त्याची यादी होती. एका पानावर मी सात वर्षांची असताना विचारलेले प्रश्न तारखांसह लिहिले होते. ‘झोप येते तेव्हा ती कुठून येते?’ समोर बाबांचं अक्षर: पाहून कळवतो. ते कळवायचं राहिलं. उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत भिंतीवर चढली तरी मी त्या पानाशीच होते.

शेवटी आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. “खालची असेल.”

खालची म्हणजे आमच्या इमारतीच्या संस्थेची सभांची वही, इतिवृत्त. आणि मग मला सगळं एकदम आठवलं. बाबांच्या आयुष्यातला एकमेव सभात्याग त्या वहीत होता.

अकरा वर्षांपूर्वी संस्थेने ठराव केला की गच्चीला कुलूप लावायचं. बाबा रोज दुपारी जेवून गच्चीवर जायचे. अडलेले शब्द तिथे आठवतात, असं त्यांचं मत. शब्द आठवणं हे काही गच्ची उघडी ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही, असं सभेचं मत पडलं. अकरा विरुद्ध एक. बाबा उठले आणि बाहेर पडले. आयुष्यात आवाज न चढवलेल्या माणसाने एवढं केलं म्हणजे खूपच झालं. त्यानंतर ते एकाही सभेला गेले नाहीत. आभाळ बघायचं तर मागच्या गॅलरीतून, रुमालाएवढं.

हा शब्द तसा सोपा. दोन शब्द शेजारी आणून बसवलेत, जोड दिसतेसुद्धा. बहिष्कार वेगळा, तिथे मुळात जायचंच नाही. राजीनामा वेगळा, तिथे परत यायचं नाही. तटस्थ माणूस तर बसल्या जागी बसून राहतो. पण शब्दाच्या आधी कृती असणारच. कुठल्यातरी पहिल्या सभेत कुणीतरी पहिल्यांदा उठलं असेल. बाकीचे त्याच्याकडे बघत राहिले असतील, आणि त्याला बाहेर येऊन कळलंच नसेल की आपण आत्ता काय केलं. कदाचित त्याला नुसती हवा हवी असेल. त्याच्यामागे आत दोघेतिघे कुजबुजले असतील, आणि त्या कुजबुजीतून पुढे शब्द झाला असेल. बाबांची मागची गॅलरी असल्या विचारांना फार सोयीची आहे. तिथे उभं राहिलं की कामं होत नाहीत.

संस्थेचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. हे काका जिन्यात भेटले की “काय गं, जेवलीस का” विचारतात आणि वही उघडली की “आपला अर्ज?” म्हणतात. दोन माणसं एकाच सदऱ्यात राहतात. त्या दिवशी वही उघडी होती. मी पान एकतीस पाहायचं आहे म्हटलं. इतिवृत्त फक्त सभासदालाच पाहता येतं, असं त्यांनी सांगितलं.

“पण काका, सभासद बाबा होते.”

“मग त्यांनी समक्ष यावं,” असं ते बोलून गेले आणि लगेच वही मिटली. वही मिटल्यावर पुन्हा जिन्यातले काका झाले, चष्मा पुसत बसले. मीही कॅलेंडरकडे बघत बसले. थोड्या वेळाने त्यांनी ड्रॉवरमधून सभासदत्व बदलाचा फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला.

आईने सभासद व्हायला साफ नकार दिला. ज्या सभेतून ते उठले तिथे जाऊन मी बसणार नाही, म्हणाली. म्हणजे आईचाही सभात्याग चालूच होता, आणि तोही सभेत कधी पाऊल न टाकता. तिने ‘हरकत नाही’ असा कागद लिहून दिला आणि मी वारस म्हणून उभी राहिले.

फॉर्मला मृत्यूचा दाखला लागतो. त्याच्या प्रती किती घ्याव्यात यावर इमारतीत दोन पक्ष पडले. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले दहा घ्या, पुढेमागे लागतात. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, दोन पुरे, जास्त घेऊन ठेवल्या की घरात उगाच दिसत राहतात. मावशींचं म्हणणं मला तेव्हा कळलं नाही. मी दोघांचा मान राखून बारा घेतल्या. दाखल्याच्या खिडकीवरच्या बाईंनी घाईचं कारण विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं, की एका शब्दाचा अर्थ पुरा करायचा आहे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि रकान्यात ‘इतर’ असं लिहिलं. आणि इतकं करून, सेक्रेटरीकाकांना प्रत चालणार नव्हतीच, मूळ दाखलाच हवा होता. त्या बारा प्रती पुढे घरात उगाच दिसत राहिल्या.

फॉर्मवर दोन सभासदांच्या सह्या लागतात, सूचक आणि अनुमोदक. मावशींकडे गेले तर त्या कुणाच्यातरी ब्लाउजच्या बाह्यांत होत्या. पेन सापडेना, म्हणून त्यांनी हातातल्या निळ्या खडूनेच झोकदार सही ठोकली. तेवढ्यात मला दंड मागे कर, कोपर वाकव असं करायला लावून माझी मापंही घेऊन टाकली. तीन महिन्यांत किती वाळलीस, असं म्हणत त्यांनी आकडे भिंतीवरच्या कागदावर टिपले. मी जिना चढेपर्यंत सही अर्धी माझ्या ओढणीला लागली होती.

दंतवैद्यांकडे पेन होतं, पण त्यांना सहीआधी तोंड उघडायची सवय, दुसऱ्याचं. खुर्चीत बसा, सही करतो, म्हणाले. खुर्चीत बसलेल्या माणसाला जाऊ द्यायचं नाही, हा त्या धंद्याचा नियम असावा. डाव्या बाजूची एक दाढ त्यांना बघवेना. मी सही घेऊन बाहेर पडले तेव्हा माझा डावा गाल बधिर होता आणि दाढेत सिमेंट होतं.

घरी येते तोच संपादकबाईंचा फोन. चिठ्ठी कुठवर आली? मी म्हणायला गेले, होते आहे, फॉर्म दिला की होईल. बधिर गालातून त्यातलं फारसं काही बाहेर पडलं नाही, नुसता ओला, तुटक आवाज गेला. मग बाई फार हळू आवाजात म्हणाल्या, रडून घ्या, मन हलकं होतं. मी रडत नव्हते. तीन महिन्यांत एकदाही रडले नव्हते, आणि याचं घरात थोडं कौतुक आणि थोडी काळजी चालली होती. पण ‘ही दाढ आहे’ हे बधिर तोंडाने समजावणं मला जमलं नाही. छपाई शनिवारची सोमवारवर ढकलते, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. दोन दिवस आयते मिळाले. त्यात मी काही खोटं बोलले नाही, हे मी स्वतःला बरेचदा सांगितलं.

ते दोन दिवस मिळाले म्हणून बरं. खडूची सही सेक्रेटरीकाकांनी परत पाठवली, ती शाईने करून आणेपर्यंत एक दिवस गेला. त्यानंतर अर्ज विशेष सभेपुढे ठेवावा लागेल, आणि सभेला सात दिवसांची सूचना द्यावी लागेल, असं निघालं. सभा ठरली रविवारी दुपारी चार वाजता. छपाई सोमवारी सकाळी.

आमच्या संस्थेत सभेला येताना प्रत्येकाने आपापली खुर्ची घरून आणायची असते. संस्था स्थापन झाली तेव्हा खुर्च्यांचा ठराव बारगळला, तेव्हापासूनची ही पद्धत. त्यामुळे सभेच्या दिवशी जिन्यावरून खुर्च्या उतरताना दिसतात, खाली माणसांचे पाय. मी आमच्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली. आमच्याकडे अशा पाच आहेत. सहाचा संच असताना पाच का, हा प्रश्न मला अकरा वर्षांत पडला नव्हता. घरातल्या उणिवांची सवय होते.

तळमजल्यावरच्या खोलीत विजेचे मीटर आहेत, एक उंच खिडकी आहे आणि दुपारचा उजेड तिच्यातून तिरका येतो. धूळ त्यात संथ तरंगत होती. जेवून झोपेतून उठून आलेले अकरा सभासद, सगळ्यांच्या गालांवर उशीच्या खुणा. आणि दाराजवळ एक रिकामी खुर्ची. आमची. पाठीला तीन पट्ट्या, मधली जरा तडकलेली. ती मीच लहानपणी मागे झुकून तडकवली होती.

त्या खुर्चीवर धूळ नव्हती. कुणीतरी पुसत होतं.

काकांनी वही उघडली आणि हजेरी वाचली. “अकरा सभासद आणि एक खुर्ची हजर. गणसंख्या पूर्ण.” कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. अकरा वर्षं असंच चाललं असणार.

माझं सभासदत्व हात वर करून मंजूर झालं. मी पान एकतीस मागितलं. काका म्हणाले, विषयपत्रिकेप्रमाणे जाऊ, आधी विषय दोन. विषय दोन, गच्चीचं कुलूप पुढील वर्षासाठी कायम ठेवणे. हा ठराव दरवर्षी नव्याने होतो, हे मला माहीत नव्हतं. हात वर झाले. मावशींचाही झाला, डुलकीतच. सगळे हात त्या तिरक्या उजेडात एखाद्या तळ्यातल्या देठांसारखे उभे होते, आणि मला एकदम मागच्या गॅलरीतला रुमाल दिसला. रुमालाएवढ्या आभाळाकडे मान वाकडी करून बघणारा माणूस दिसला. ढगांची यादी करणारा.

मी ठरवून काही केलं नाही. मी फक्त उठले आणि बाहेर आले.

बाहेर जिन्याची तिसरी पायरी आहे, तिच्यावर बसले. समोर लेटरबॉक्स, त्यावर नऊ नंबरला अजून बाबांचं नाव. डावा गाल आता चांगला शुद्धीवर होता, तो ओला झालेला मला कळला. उजवाही. आतून काकांचा आवाज येत होता, वेळ चार वाजून सतरा. ते लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते. किती वेळ बसले ठाऊक नाही. मग लक्षात आलं की चिठ्ठी आणि पेन आत माझ्या खुर्चीवर राहिलं आहे. चिठ्ठी सोमवारी सकाळी हवी होती.

निषेध करून बाहेर पडलेल्या माणसाने पेन आणायला परत आत जाणं याइतकं अवघड दुसरं काही नसावं. जाताना मान जितकी ताठ, तितकीच येताना जड. मी दारात उभी राहिले. काकांनी वहीतून मान वर केली. लेखणी कागदावर टेकलेली.

“परत आलात, की नुसतं न्यायला आलात?” त्यांनी विचारलं. “वहीत काय लिहू?”

मी खुर्चीवरच्या पेनाकडे पाहिलं. मग काकांनी वही उलट चाळली, बरीच मागे, आणि माझ्याकडे फिरवून धरली. पान एकतीस.

‘सदनिका क्र. ९ यांनी ४.४० वाजता सभात्याग केला. खुर्ची तशीच. ४.५५ वाजता चष्मा नेण्यास परत आले. परत आलात की नुसते न्यायला आलात, असे विचारले असता, पाहून कळवतो म्हणाले. सबब विषय प्रलंबित.’

त्याखाली पुढच्या सभेला: मागील पानावरून, प्रलंबित. त्याच्या पुढच्या सभेलाही तेच. अकरा वेळा.

“मी त्यांना जिन्यात दरवर्षी विचारायचो,” काका म्हणाले. यावेळी वही उघडी होती, तरी ते जिन्यातलेच होते. “म्हणायचे, काम चालू आहे. त्यांना म्हटलं, निदान खुर्ची तरी घेऊन जा, जेवायला लागत असेल. तर म्हणाले, खुर्ची नेली तर तो राजीनामा होईल.”

दंतवैद्यांनी घसा खाकरला. मावशी जाग्या झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, सभा चालू असताना बाबा त्या तिसऱ्या पायरीवरच बसायचे, शेवटपर्यंत. त्यांना ऐकू जावं म्हणून सेक्रेटरी मोठ्याने वाचतात, नाहीतर ते वहीत तोंड खुपसून पुटपुटणारे आहेत. काकांनी लेखणीचं टोक उगाच पाहिलं.

मी माझ्या खुर्चीवरून चिठ्ठी आणि पेन घेतलं आणि जाऊन बाबांच्या खुर्चीवर बसले. तडकलेली पट्टी पाठीला लागली. बाबांच्या पेन्सिलीतल्या प्रश्नासमोर मी लिहिलं: ‘परत येणे अर्थात धरू नये. परंतु जाणाऱ्याची जागा सभेत राहते, व ती कोणी हलवीत नाही.’ उदाहरणाच्या कोऱ्या जागेत पान एकतीसवरची पहिली दोन वाक्यं वेळ वगळून उतरवली आणि खाली आधार दिला: संस्थेचे इतिवृत्त. मग ते सगळं मी काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी ते शब्दशः वहीत घेतलं आणि वर लिहिलं, ‘सदनिका क्र. ९ यांनी कळवले.’

“मग विषय निकाली, असं लिहू?” त्यांनी विचारलं.

“नको,” मी म्हटलं. “पुढच्या सभेत घ्या.”

त्यांनी तसं लिहिलं. मग मी पुन्हा बाहेर गेले, कारण माझा निषेध अजून चालू होता.

सोमवारी सकाळी संपादकबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. कोशात एवढी जागा नसते, म्हणून माझी दोन्ही वाक्यं त्यांनी हलक्या हाताने खोडली. बाबांची अर्थाची ओळ ठेवली, आणि उदाहरण ठेवलं. ‘सदनिका क्र. ९ यांनी सभात्याग केला. खुर्ची तशीच.’ वाचणाऱ्याला त्यातून कळेल, म्हणाल्या. मग चिठ्ठीच्या कोपऱ्यात बाबांची आद्याक्षरं घातली आणि ती छपाईच्या गठ्ठ्यात, ‘सभा’ आणि ‘सभाधीट’ यांच्या मधे, सारून ठेवली.

संध्याकाळी दंतवैद्य आपली दाढ बघायला आले, म्हणजे माझी. मावशीही आल्या, मापं घेऊन शिवलेला ब्लाउज घालून बघ म्हणत. मागोमाग काकाही, “काय गं, जेवलीस का” विचारत. आई सगळ्यांना टेबलाभोवती बसवायला गेली तर खुर्ची कमी पडली. तिने बोटाने मोजल्या. चार. मी सांगितलं की एक खाली राहिली, माझी. मला वाटलं आता ती म्हणेल, जा, घेऊन ये.

“असू दे,” आई म्हणाली आणि स्वतः स्टुलावर बसली. “तिथे एकटीच होती ती.”